कॉलमची नावं बदलताना
आर या प्रोग्रामिंग भाषेत टेबलच्या कॉलमचं नाव बदलायला मी आधी नेम्स (names) हे फंक्शन वापरून तिसऱ्या नंबरला नवीन नाव द्यायचे, आणि एकदा फाइलमध्ये मधेच एक कॉलम वाढला तर वजनाच्या आकड्यांवर "उंची" नाव बसलं, एरर नाही काही नाही, मला कळलं थेट ग्राफ बघून. तेव्हापासून नंबर बंद, नावानेच बदलायचं. डीप्लायर (dplyr) या आरच्या पॅकेजमधल्या रिनेम फंक्शनमध्ये नवीन नाव आधी, जुनं नंतर, हे उलटं होतंच सुरुवातीला. डेटा डॉट टेबल (data.table) हे दुसरं पॅकेज वापरत असाल तर सेटनेम्स (setnames), त्यात जुनं आधी. मला हेच जास्त आवडतं कारण कॉपी न करता जागेवरच बदलतं, मोठ्या टेबलला फार बरं पडतं. फक्त तेच टेबल दुसऱ्या नावाने साध्या बाणाने (<-) ठेवलं असेल तर तिकडचीही नावं बदलतात, म्हणून आधी कॉपी फंक्शन वापरा.