शेतात पिकलेला तंबोरा

मिरज स्टेशनला उतरून रिक्षावाल्याला 'सतारमेकर गल्ली' एवढंच सांगितलं, की पुढचं काही सांगावं लागत नाही. सोबत मैत्रीण होती. ती स्वतःच गाणी रचते, चाल लावते, गिटारवर गाते. नदी, माळ, पाऊस हेच तिचे विषय. आता तिला गिटारच्या जोडीला तंबोरा हवा होता.

दुकानाच्या माळ्यावर भोपळ्यांची रास होती. हे कडू भोपळे, खायचे नव्हेत; तंबोऱ्याचा खालचा गोल भाग यांचाच होतो. पंढरपूर-मंगळवेढ्याकडे भीमेकाठच्या शेतांत पिकतात. वाद्यं बनवणारे चाचा एकेक भोपळा बोटाच्या पेराने वाजवत, कान लावत बाजूला ठेवत होते. "अवकाळी पाऊस झाला की माल सडतो, ताई. मग आम्ही काय बनवणार?"

मला हे फार मोठं वाटलं. निसर्गावरची गाणी म्हणजे चंद्र, फुलं, फार तर धुकं, असं समजून आपण ऐकतो. इथे तर वाद्यच पावसापाण्याच्या भरवशावर.

मिरजेत ही कला 19व्या शतकात रुजली, तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातून. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

शेजारी एकजण जवारी, म्हणजे तारेची गुंजन, काढत होता. घोडीवर, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्यावर, कानस हलकेच फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा कानस. मग तारेखाली सुताचा धागा सरकवला. केसभर इकडे, केसभर तिकडे. एका जागी येताच कोरडा 'टण्ण' गेला आणि तार गुंजायला लागली. अंगावर काटा आला.

"ताई, तुम्ही गाऊन दाखवा. पट्टी कळू दे," चाचा म्हणाले.

तिने 2019 च्या कृष्णेच्या महापुराचं गाणं म्हटलं. पाणी ओसरल्यावर सांगलीतल्या घरांच्या भिंतींवर राहिलेली गाळाची रेघ, वाळत घातलेल्या वह्या, गोठ्यातलं रिकामं दावं. नदीला एक शिवी नाही की एक आरती नाही. माझ्या मते ते तिचं सगळ्यात चांगलं गाणं आहे.

चाचांनी आधी काढलेला भोपळा परत ठेवला आणि राशीतून दुसरा, घेरदार निवडला. "पट्टी काळी चार, म्हणजे उंच, पण आवाज भरदार आहे. याला हाच लागेल." पेन्सिलीने त्यावर 'काळी चार' लिहिलं आणि म्हणाले, "जवारी लावायच्या दिवशी मात्र स्वतः यायचं. फोनवर जमत नाही."