मटकीनं घात केला (नाश्ता, आठवडा ७)

वजन ६४ किलोवर अडलंय, वाढायचं नाव नाही, हे मागच्या नोंदीत लिहिलंच होतं. तेव्हा दोष मी झोपेला दिला, फर्स्ट शिफ्टला दिला, स्क्वॉटच्या खोलीलाही दिला. चोर सापडला गेल्या गुरुवारी, आमच्याच स्वयंपाकघरात, ओल्या फडक्यात बांधलेला.

मोड आलेली मटकी!

माझा हिशेब असा होता : सव्वासहाला १०० ग्रॅम मटकीची उसळ म्हणजे २३ ग्रॅम प्रोटीन, ज्वारीची एक भाकरी ५, पेलाभर म्हशीचं दूध ८. झाले ३६. वजनाच्या किलोला १.६ ग्रॅम धरून दिवसाचं लक्ष्य १०२, म्हणजे तिसरा हिस्सा कामावर निघायच्या आधीच पोटात. वहीत सहा आठवडे रोज ‘३६’ लिहिलंय, आणि अक्षर तर काय सुरेख.

मंगळवारी रात्री आई मटकी भिजत घालत होती, सहज काट्यावर ठेवली. कोरडी १०० ग्रॅम. बुधवारी सकाळी भिजून १९०. गुरुवारी मोड अर्ध्या पेराएवढे आले, तेव्हा २१५. उघड्या पातेल्यात शिजवून पाणी निथळलं तर २५०. काट्याकडे बघत मी नुसता उभा. तो २३ चा आकडा कोरड्या दाण्याचा, आणि मी दीड महिना शिजलेली मटकी मोजून तो लावत होतो. शिजलेली १०० म्हणजे कोरडी ४०, म्हणजे प्रोटीन ९. छत्तीसचे झाले बावीस. रोज १४ ग्रॅमचं भगदाड, आणि मी स्क्वॉटला शिव्या घालतोय.

मोड आणल्यानं प्रोटीन वाढतं हा समजही इथंच पुरून टाका. पचायला हलकी होते, फायटेट (दाण्यातलं लोह अंगी लागू न देणारा घटक) कमी होतं, क जीवनसत्त्व वाढतं, सगळं खरं. पण मुठीभर दाण्यात होतं तेवढंच प्रोटीन राहतं, वाढतं ते पाणी.

काटा कोणता घ्यायचा, असं विचारलं होतं दोघांनी. पाच किलोचा साधा किचनचा घ्या. सोनार वापरतात तसला खिशातला मीही आधी घेतला होता, दोनशे ग्रॅमच्या वर तो मान टाकतो.

तर भगदाड बुजवायचं कसं? पहिला उपाय सरळ : २५० ग्रॅम शिजलेली मटकी. दोन दिवस केला. आमच्या फाउंड्रीत मोल्डिंग लाइनचा आवाज मोठा आहे, एवढंच माझं नशीब. तिसऱ्या दिवशी वस्तादांना सांगितलं तर म्हणाले, “पोरा, मटकी मोजत बसलायस व्हय? थंडाई घोट की.” थंडाईचाही हिशेब केला. कुंडीत बडीशेप, खसखस, मिरी कितीही घोटा, वीस बदामांचं प्रोटीन ५ ग्रॅम. खरं काम करतं ते खालचं दूध. अर्धा लिटर म्हशीचं दूध म्हणजे प्रोटीन १९ च्या आसपास, आणि कॅलरी पाचशेच्या घरात. वस्ताद चुकत नाहीत, पण अर्धा लिटर पिऊन सात वाजता भट्टीसमोर उभं राहून बघा. मला जांभया आल्या. (कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरचं धारोष्ण दूध मलाही आवडतं, पण आता घरी आणून उकळूनच पितो.)

त्या रविवारी तालमीतून येताना डोक्यात किडा वळवळला : मग मिसळीत किती? पार्सल आणलं, कट गाळणीतून गाळला, फरसाण बाजूला काढलं, एकेक मटकी चमच्यानं निवडून काट्यावर ठेवली. भरली ४५ ग्रॅम. म्हणजे प्रोटीन ४! मिसळ मी सोडणार नाही, पण यापुढे ती नाश्त्याच्या वहीत नाही, रविवारच्या सुखात. गाळणीला अजून तिखटाचा वास येतोय आणि आई माझ्याशी बोलत नाहीये.

मग मुगाची धिरडी. ५० ग्रॅम मूग (कोरडे! कोरडे मोजले!) म्हणजे १२, वर दोन अंडी फोडून १२, दूध ८. बत्तीस. कागदावर फक्कड. तव्यावर पहिली चार धिरडी फाटून भुर्जी झाली. नॉनस्टिकचा लेप गेलेला, आणि पीठ मी पातळ केलेलं. शेवटी आजीचा बिडाचा (ओतीव लोखंडाचा) तवा माळ्यावरून काढला. आम्ही फाउंड्रीवाले, बिडाचा अभिमान असणारच, पण खरंच सांगतो : तवा चांगला तापू दिला, अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवला, पाणी निम्मं केलं, चमचाभर तांदळाचं पीठ घातलं. पाचव्या धिरड्याची कड आपोआप सुटली. उलथनं नुसतं खाली सरकवलं आणि अंड्यासकट अख्खं धिरडं उलटलं. त्या खमंग वासात दोन मिनिटं शिफ्ट विसरलो.

अंडं शिजवूनच खा, हे तालमीतल्या पोरांसाठी. कच्चं गटकलं तर निम्मंच प्रोटीन अंगी लागतं, शिजवलेल्यातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास.

पण सोमवारी आणि गुरुवारी आमच्या घरात अंडं चालत नाही, आणि श्रावण आला की महिनाभर नाही. त्या दिवशी चक्का. रात्री दही टांगायचं, सकाळी १५० ग्रॅम. घरच्या चक्क्याला मी १२ च धरतो, थोडं प्रोटीन दह्याच्या पाण्यात जातंच. ते पाणी टाकत नाही, मूग त्यातच वाटतो.

प्रोटीन पावडरचा डबा मागवणार होतो. पण हे लिहिता लिहिता सुचलं : डाळं! ५० ग्रॅम डाळं दळून ताकात ढवळलं, चवीला मीठ-जिरं, की ११ ग्रॅम. शिजवायचं नाही, भिजवायचं नाही, पाण्याचं वजन फसवायला जागाच नाही. अकराच्या चहाला डब्यातून प्यायचं. पावडर रद्द. उद्या लक्ष्मीपुरीतून अर्धा किलो आणतो. पोटाला कसं बसतं ते पुढच्या नोंदीत.

आज सकाळी काटा ६४.४ दाखवत होता. पाणीच असणार. वहीत लिहिलं नाही.