तुम्ही विचारलंत म्हणून: आई-बाबा न्यू जर्सीला येतायत, रोख डॉलर आणायचे का?

उन्हाळा जवळ आला की हा प्रश्न येतोच. विचारणारे बहुतेक पुण्या-नाशिकचे, ज्यांचे आई-बाबा पहिल्यांदाच लेकीकडे नाहीतर मुलाकडे निघालेत. "तिकडे म्हणे सगळं कार्डावर चालतं, मग नोटा कशाला?" माझं उत्तर एकच, आणा. आणि फॉरेक्सवाला, म्हणजे परकीय चलन बदलून देणारा, शंभराच्या नोटा काढून देईल, त्याला सांगा वीसच्या आणि दहाच्या दे बाबा.

न्यू जर्सीत तसा कायदाच आहे. मार्च २०१९ मध्ये गव्हर्नर फिल मर्फींनी सही केली, तेव्हापासून दुकानात समोर उभं राहून खरेदी करणाऱ्याची रोख नाकारता येत नाही, नाकारली तर पहिल्या वेळी २,५०० डॉलरपर्यंत दंड आणि दुसऱ्यांदा ५,००० पर्यंत. फोनवरच्या किंवा ऑनलाइन ऑर्डरला हे लागू नाही, आणि विमानतळावरची दुकानं, काही पार्किंग, भाड्याच्या गाड्या यांना सवलती आहेत, त्यामुळे नेवार्क विमानतळावर उतरल्या उतरल्या कॉफीवाल्याने नोट घेतली नाही तर तिथे वाद घालू नका.

काही जण म्हणतात, डॉलरच्या नोटेवरच छापलंय की ती सगळ्या देण्यांसाठी चालते, मग वेगळा कायदा कशाला. छापलंय खरं, पण ते आधीच झालेल्या देण्याबद्दल आहे. काउंटरवर सौदा अजून व्हायचाच असतो, तेव्हा दुकानदार म्हणू शकतो की मी फक्त कार्डच घेणार. खाजगी दुकानाने रोख घेतलीच पाहिजे असा अमेरिकेच्या केंद्र सरकारचा कायदा नाही हे फेडरल रिझर्व्ह, म्हणजे इथली मध्यवर्ती बँक, स्वतःच सांगते. म्हणून राज्यांना आणि शहरांना आपापले कायदे करावे लागले. मॅसॅच्युसेट्सचा तर १९७८ चा आहे, फिलाडेल्फिया आणि सॅन फ्रान्सिस्को २०१९ चे, न्यूयॉर्क शहरात नोव्हेंबर २०२० पासून. न्यूयॉर्कमध्ये रोख देणाऱ्याला जास्त भाव लावता येत नाही, पण वीसच्या वरची नोट मात्र नाकारता येते, म्हणून तर वीसच्या नोटा आणायला सांगते.

मला या कायद्याबद्दल एवढं का वाटतं ते माझ्या आईमुळे. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या माणसाचं इथे बँकेत खातं नसतं, गावाकडचं यूपीआय इथल्या काउंटरवर चालत नाही, आणि मुलाच्या कार्डावर सारखं अवलंबून राहायचं म्हणजे साधी कोथिंबीर घ्यायला पण त्याची मीटिंग संपायची वाट बघायची. आई सकाळी एकटी चालत कोपऱ्यावरच्या दुकानात जायची, दूध-ब्रेड घ्यायची, नाणी ओळखायला शिकली, दुकानातल्या बाईशी मोडक्या इंग्रजीत बोलायची, आणि घरी आली की चेहरा असा असायचा की आज काहीतरी माझं माझं केलं. ज्या माणसाने आयुष्यभर घर चालवलंय त्याला सहा महिने हात पसरायला लावणं मला बघवत नाही.

आणि आई तर पाहुणी होती. इथलेच कितीतरी लोक कायमचे असे आहेत. २०२३ च्या सरकारी पाहणीत अमेरिकेतल्या ४.२ टक्के घरांत कोणाचंच बँक खातं नव्हतं, म्हणजे जवळजवळ ५६ लाख घरं, आणि कृष्णवर्णीय कुटुंबांत हे प्रमाण १० टक्क्यांच्या वर. घरकाम करणाऱ्या बायका, रोजंदारीवरचे मजूर, नवऱ्याला कळू न देता चार पैसे बाजूला ठेवणारी बाई, यांच्या हातात नोटाच असतात. रस्त्यावर दार उघडून बसलेल्या दुकानाने त्यांना सँडविच विकायला नकार द्यायचा, आणि तोही खिशात पैसे असताना, हे मला सरळ सरळ अन्यायाचं वाटतं.

दुकानदारांची बाजू मला कळते. गल्ला मोजायचा, बँकेत भरायला जायचं, चोरीची भीती, हे सगळं खरं आहे. पण कार्डवाल्या कंपन्या पण प्रत्येक व्यवहारावर कमिशन कापतातच, फुकट काही नाही. आणि मशीन बंद पडलं की काय करणार? ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळ आलं तेव्हा न्यू जर्सीत कितीतरी ठिकाणी अनेक दिवस लाइट नव्हते, तेव्हा नोटाच कामाला आल्या.

नियमांचं पण सांगून ठेवते, भारतातून निघताना साधारण एका ट्रिपला ३,००० डॉलरपर्यंतच नोटा घेता येतात, बाकीचे फॉरेक्स कार्डावर. आल्यावर थोड्या नोटा आई-बाबांच्या स्वतःच्या पाकिटात राहू द्या, "माझ्याकडे दे, हरवशील" म्हणून काढून घेऊ नका. आणि "ओन्ली कार्ड" अशी पाटी असलेल्या दुकानात त्यांना कोणी परत पाठवलं तर पटकन आपलं कार्ड पुढे करू नका, मॅनेजरला बोलवा, न्यू जर्सीत कायदा आहे म्हणून सांगा, तरी ऐकलं नाही तर राज्याच्या ग्राहक विभागाकडे तक्रार करा.