एका खिडकीपायी अडलेलं शांत घर (माझा अनुभव)

घर शांत करायचं असं आमच्यात ठरलं तेव्हा मी पण सगळ्यांसारखी मोबाईलवर फोटो साठवत बसले होते. क्रीम रंगाच्या भिंती, लाकडी बाक, कोपऱ्यात एक झाड आणि बाकी काहीच नाही. दोन महिने असले फोटो बघून झाल्यावर डोक्यात प्रकाश पडला की फोटोत आवाज कुठे येतो! आमचा फ्लॅट पुण्यात सिंहगड रोडला अगदी लागून, तिसरा मजला, बिल्डिंग नव्वदच्या दशकातली. रात्री साडेबारानंतर डंपर सुरू होतात, एक गेला की बेडरूमच्या खिडकीची काच फ्रेममध्ये खडखडते आणि शेजारच्या खोलीतून सासूबाई विचारतात, "कोण आलं गं?" त्यात मला मायग्रेन. म्हणजे भिंती कितीही क्रीम केल्या तरी काय उपयोग.

म्हणून मी ठरवलं की आधी खिडक्या, मग बाकीचं. जुन्या ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या काढायच्या आणि तिथे यूपीव्हीसीच्या (म्हणजे कडक प्लास्टिकच्या फ्रेमच्या), दारासारख्या उघडणाऱ्या, डबल काचेच्या बसवायच्या. सरकत्या खिडकीचं कसं असतं, दोन झडपा एकमेकींपुढून सरकायला हव्यात म्हणून मध्ये फट ठेवावीच लागते, त्या फटीत नुसता ब्रश असतो, आणि जिथून हवा येते तिथून आवाज येतोच. दारासारखी झडप मात्र रबरावर दाबून बसते. हे सगळं मी वाचून काढलं होतं, कोटेशन घेतलं होतं, रंगसुद्धा ठरवला होता. एकच राहिलं होतं, सोसायटीची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र.

आता हे मान्य आहे की परवानगी लागते. आदर्श उपविधीत, म्हणजे सोसायट्यांच्या नियमावलीत, लिहिलंच आहे की फ्लॅटमध्ये फेरबदल करायचे तर कमिटीची लेखी परवानगी आधी घ्यायची, आणि माझी त्याला ना नव्हतीच. मी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात अर्ज घेऊन ऑफिसात गेले. मॅनेजर म्हणाले, मार्च एंड आहे, ऑडिटचं चालू आहे, एप्रिलमध्ये या. अर्ज तेवढा ठेवून घ्या म्हटलं तर ठेवून घेतला, एका फायलीखाली. (इथेच सांगून टाकते, अर्ज कायम दोन प्रतीत न्या आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का-तारीख घेतल्याशिवाय तिथून हलू नका. मी पोच घेतली नाही. एप्रिलमध्ये माझा अर्ज "आलेलाच नव्हता".)

परत अर्ज लिहिला. आता त्यासोबत प्लॅन हवा होता, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र हवं होतं आणि वीस हजारांचा डिपॉझिटचा चेक. मी एकही भिंत पाडणार नव्हते, हे दोनदा सांगितलं, तरी पत्र हवंच. बरं, आणलं. एप्रिलच्या मीटिंगला कोरम झाला नाही कारण निम्मी कमिटी सुट्टीला गावी. मीटिंग महिन्यातून एकदा, दुसऱ्या रविवारी, म्हणजे सरळ एक महिना गेला. तोवर आमचा सुतार, ज्याला मी पाच हजार ॲडव्हान्स देऊन ठेवले होते, तो वारज्याला दुसऱ्या साइटवर लागला. त्याला तरी काय बोलणार, त्याच्याकडे चार माणसं रोजावर.

मे महिन्यात मीटिंग झाली आणि माझा विषय निघाला. मला बोलावलं होतं. सेक्रेटरींनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "वहिनी, बाकी सगळं ठीक आहे, पण खिडकीने एलिव्हेशन बदलतं."

एलिव्हेशन. हा शब्द मी पुढचे सहा आठवडे इतक्या वेळा ऐकला की मुलगी घरात कुठलीही वस्तू हलवली तरी "आई, एलिव्हेशन" म्हणायला लागली. एलिव्हेशन म्हणजे बिल्डिंग बाहेरून कशी दिसते ते. आता आमची बिल्डिंग बाहेरून कशी दिसते ते मी सांगते. पहिल्या मजल्यावर एकांनी बाल्कनी निळ्या काचा लावून बंद केली आहे. दुसऱ्यावर पत्र्याचं छप्पर आहे. चौथ्यावर ग्रिल इतकी बाहेर काढलीये की त्यात एक सायकल, दोन बादल्या आणि तुळस आरामात राहतात. सगळ्या बाजूंनी एसीची खोकी आणि त्यांचे पाईप लोंबतायत. आणि ही जी चौथ्या मजल्यावरची ग्रिल, ती कोणाची हे मी लिहीत नाही, पण चष्मा काढून बोलणाऱ्यांची आहे एवढं समजा.

मी हे मीटिंगमध्ये बोलायला नको होतं. बोलले. त्यानंतर विषय तांत्रिक राहिला नाही.

मग सांगण्यात आलं की वरच्या, खालच्या आणि शेजारच्या फ्लॅटची ना-हरकत आणा. शेजारच्यांनी पाच मिनिटांत सही दिली, वर चहा पाजला. खालच्या काकू मुलीकडे नाशिकला गेलेल्या, त्यांची सही मिळायला अठरा दिवस. वरच्या फ्लॅटचे मालक अमेरिकेत, राहतात भाडेकरू, आणि भाडेकरूची सही चालत नाही. मालकांनी बिचाऱ्यांनी लगेच मेल केला, तर मेल चालत नाही, सहीचा कागद हवा. त्यांनी कागदावर सही करून स्कॅन पाठवला तर मॅनेजर म्हणाले प्रिंट काढून आणा, आणि प्रिंट आणल्यावर म्हणाले ही तर झेरॉक्स आहे. त्या दिवशी मी ऑफिसातून बाहेर येऊन पार्किंगमध्ये पाच मिनिटं नुसती उभी राहिले, डोकं इतकं ठणकत होतं. आणि हे सगळं कशासाठी, तर शांततेसाठी!

यात माझी एक मोठी चूक झाली, ती तुम्ही करू नका. मी सगळं काम एकाच अर्जात घातलं होतं. फरशी, किचनच्या ट्रॉल्या, वायरिंग, रंग, खिडक्या, सगळं. त्यामुळे खिडकीपायी ट्रॉल्यासुद्धा अडल्या. आतल्या कामाचा अर्ज वेगळा आणि बाहेरून दिसणाऱ्या कामाचा वेगळा द्या. हे मला शेजारच्या काकांनी जूनमध्ये सांगितलं, मी तसं केलं आणि आतल्या कामाची परवानगी चार दिवसांत मिळाली, मीटिंगशिवाय. नुसतं फिरवून सह्या घेतल्या. म्हणजे तेव्हाही फिरवून घेता आल्या असत्या, पण असो.

आणि मग गंमत झाली. खिडकीची मापं परत घ्यायला एक फॅब्रिकेटरचा मुलगा आला होता, विशी-बाविशीचा. त्याने झडप सरकवली, खिडकीच्या कडप्प्यावर वीत ठेवली आणि म्हणाला, "ताई, जुनी खिडकी काढताय कशाला? राहू दे ना ती. आतून दुसरी लावू." आमच्या बाहेरच्या भिंती जुन्या पद्धतीच्या, नऊ इंची विटांच्या. जुनी फ्रेम पार बाहेरच्या कडेला, त्यामुळे आत चांगला पाच-साडेपाच इंच कडप्पा मोकळा, ज्यावर आईंचा (म्हणजे सासूबाईंचा) मनी प्लांट आणि माझा चार्जर असायचा. त्या जागेत आतल्या कडेला रबरावर दाबून बसणारी, घरात उघडणारी दुसरी खिडकी. बाहेरून काहीच बदलत नाही. एलिव्हेशन जिथल्या तिथे.

मला आधी वाटलं हा जुगाड आहे. नंतर चौकशी केली तर उलटंच निघालं. डबल काचेच्या तयार खिडकीत दोन काचांमधली पोकळी जेमतेम अर्धा इंच असते, ती उष्णतेसाठी चांगली, पण रहदारीचा जो जाडा, घुमणारा आवाज असतो त्याला मोठी पोकळी लागते, चार इंच मिळाली तर उत्तमच. शिवाय दोन काचा वेगवेगळ्या जाडीच्या असाव्यात, म्हणजे एकीतून जो सूर निसटतो तो दुसरी अडवते. आतली काच लॅमिनेटेड घ्या, दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ थर असलेली. फ्रेमच्या चारी बाजूंना सिलिकॉन नीट भरून घ्या, उभं राहून भरून घ्या, कारण कारागीर वरची बाजू हमखास सोडतात. दोन खिडक्यांचा खर्च पहिल्या कोटेशनच्या निम्म्याहून थोडा जास्त आला. म्हणजे तीन महिने मी बाहेरून दिसणाऱ्या बदलाच्या ज्या परवानगीसाठी चपला झिजवल्या ती लागणारच नव्हती. यावर हसावं की रडावं मला अजून ठरवता आलेलं नाही. (काच आली त्या दिवशी वॉचमनने टेम्पो गेटवर अडवला, पासवर "खिडकी" लिहिलं होतं म्हणून. मी खाली जाऊन "काच" असं लिहून दिलं.)

फरक? फोनवरच्या ॲपने मोजलं, ते काही प्रमाण मानू नका, पण आधी रात्री खिडकी बंद असताना ५६-५७ डेसिबल दाखवायचं, आता ४२-४३. सरकारी नियमात निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि दिवसाची ५५, त्यावरून अंदाज घ्या. डंपर अजून कळतो, पण लांबून गेल्यासारखा. पहिल्या रात्री आई उठल्याच नाहीत, सकाळी मीच जाऊन बघितलं सगळं ठीक आहे ना.

एक मात्र कोणी सांगत नाही. बाहेरचा आवाज कमी झाला की घरातले आवाज वर येतात. आठ दिवसांत मला फ्रिजची घरघर, पंख्याची टकटक आणि हॉलमधल्या घड्याळाची टिकटिक छळायला लागली. घड्याळ किचनमध्ये गेलं. बेडरूमचा पंखा बदलून बीएलडीसी (ब्रश नसलेल्या मोटरचा) घेतला, तो वीज पण निम्म्याहून कमी खातो. कपाटांना आणि ट्रॉल्यांना सॉफ्ट क्लोज (न आपटता हळू बंद होणारं फिटिंग) लावताना मला उधळपट्टी वाटत होती, आता वाटत नाही. खुर्च्यांच्या पायांना खालून फेल्टच्या टिकल्या लावल्या, नाशिकवरून आलेल्या काकूंनी मुद्दाम वर येऊन थँक्यू म्हटलं. आणि हॉल सगळा रिकामा केल्यावर जो घुमायला लागला तो! फोटोतलं ते मोकळं घर प्रत्यक्षात डब्यासारखं वाजतं. मग जाड पडदे, सतरंजी आणि माळ्यावर टाकलेली पुस्तकं परत भिंतीला आली तेव्हा कुठे थांबलं. पण पडद्याने बाहेरचा आवाज अडेल या भ्रमात राहू नका, तो खोलीतला घुमारा कमी करतो, एवढंच. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवायचा सल्लाही मला तिघांनी दिला, त्यानेही बाहेरचा आवाज अडत नाही.

ट्रॉल्या, फरशी, वायरिंग यावर लिहिण्यासारखं काही नाही, झालं. प्लाय आणि लॅमिनेट भवानी पेठेत टिंबर मार्केटला जाऊन आम्हीच घेतलं, मॅट फिनिशचं, कारण चकचकीत लॅमिनेटमध्ये ट्यूबलाइट दिसते आणि माझं डोकं दुखतं. दिव्यांचं मात्र बघा. इलेक्ट्रिशियनला सांगितलं नाही तर तो ६५०० केल्व्हिनचे पांढरेफटक लावून मोकळा होतो (केल्व्हिन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळसर). खोक्यावर ३००० किंवा २७०० लिहिलेले घ्या, स्वयंपाकाच्या ओट्यावर ४००० चालतात. फॉल्स सीलिंग केलं नाही, छत आधीच बेताचं. रंगाला मुहूर्त लागला ऐन जुलैत, परवानगीच्या कृपेने, त्यामुळे पुट्टी वाळायला नेहमीच्या दुप्पट दिवस गेले आणि एका कोपऱ्यात फुगली ती परत खरवडली. पावसाळ्यात रंगाचं काम काढू नका, एवढं सोपं आहे ते, पण आमच्या हातात नव्हतं.

तोटाही सांगते. खिडक्या बंद म्हणजे हवा बंद. पहाटे पाच ते सात दोन्ही खिडक्या सताड उघड्या ठेवते, मग दूधवाला, पेपरवाला, पीएमपीची बस सगळं ऐकू येतं आणि त्याचं काही वाटत नाही. आणि दोन काचांमध्ये धूळ जाते, महिन्यातून एकदा दोन्ही पुसाव्या लागतात. मनी प्लांट फ्रिजवर गेलाय, आईंना ते आवडलेलं नाही.

बाकी वीस हजारांचं डिपॉझिट अजून सोसायटीकडेच आहे. काम संपून सात महिने झाले. राडारोडा आम्ही स्वतः गाडी करून उचलला, त्याची पावती दिली. मागच्या रविवारी विचारलं तर मॅनेजर म्हणाले, अर्ज करा, दोन प्रतीत.