डबल बेल

आमच्या हॉलमधली सायकल गेल्या तीन वर्षांत उंबऱ्याबाहेर गेलेली नाही. जाणार तरी कशी, तिला चाकंच नाहीत. पुढे प्लॅस्टिकच्या झाकणात बंद केलेलं एक जड लोखंडी चक्र, खाली फरशीला टेकलेल्या दोन आडव्या दांड्या आणि वर हँडल. हँडलवर दोन टॉवेल, मुलीची ओढणी आणि माझं एखादं बनियन असा संसार वाळत असतो. मशीन घेतलं तेव्हा बायकोने विचारलं होतं, "वापरणार ना नक्की?" वापरतोय की. पावसाळ्यात तर रोज वापरलं जातं, दिवसातून दोन घाणे निघतात.

साताऱ्यात राहून घरात सायकल मारतो म्हटलं की लोक हसतात. त्यांचं चुकत नाही. गावाच्या डोक्यावर अजिंक्यतारा आहे, तिथल्या 'चार भिंती' स्मारकापर्यंत पहाटे माणसांची रांग असते. बाजूला यवतेश्वरचा घाट. 2012 पासून त्या घाटात हिल मॅरेथॉन होते, लांबलांबहून लोक पैसे भरून धावायला येतात. "आपल्याकडे चढ फुकट आहे आणि तुम्ही पैसे मोजून चाकं काढलेली सायकल आणलीत," असं ऑफिसातला एकजण मला दर हिवाळ्यात ऐकवतो. मी त्याला एका शब्दात उत्तर देतो: ऊस.

खरी सायकलही माझ्याकडे आहे, जुनीच, पण चालू. दसऱ्यापर्यंत मी ती पहाटे काढतो. माहुलीचा पूल ओलांडून कोरेगावच्या रस्त्याला थोडं पुढे जायचं, टपरीवर चहा घ्यायचा आणि माघारी फिरायचं. पण कारखाने पेटले की हा रस्ता माझा राहत नाही. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्या इतक्या भरलेल्या की ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर. पुढचा एक दिवा चालू, मागे काहीच नाही, आणि स्पीकरवर गाणी मात्र अशी की समोरून वरातच येतेय असं वाटावं. त्यात कृष्णेवरचं धुकं. दोन वर्षांपूर्वी अशीच एक पंक्चर झालेली ट्रॉली पुलाच्या अलीकडे रस्त्यातच उभी होती. मागच्या चाकाला धोंडा लावून माणसं निघून गेली असावीत. मला ती दिसली तेव्हा उसाची टोकं माझ्या नाकापासून दोन हातांवर होती. कसा वळलो माहीत नाही. घरी येऊन हे मी विनोद म्हणून सांगितलं, ती माझी चूक. "उजाडल्याशिवाय बाहेर पडायचं नाही," असा हुकूम निघाला. डिसेंबरात इथे उजाडायला सात वाजतात, साडेसातला पाणी येतं, नवाला निघायचं असतं. झालं. कार्तिकात मी दाराआड जातो तो शिमग्यालाच बाहेर येतो.

घरातल्या सायकलीची पहिली पाच मिनिटं सगळ्यात वाईट. पांघरुणातून उठून त्या गार सीटवर बसायचं म्हणजे दगडी पायरीवर बसल्यासारखं. गुडघे कुरकुरतात. थंडीतली जुनी लुना जशी चोक ओढून, दहा पेडलं मारून, दोनदा बंद पडून मग सुरू व्हायची, तसं अंगाचं होतं. अंगात स्वेटर, डोक्याला कानटोपी. सातव्या-आठव्या मिनिटाला कानटोपी जाते, दहाव्याला स्वेटर, आणि पंधराव्याला मी पंखा लावायला सांगतो. डिसेंबरात पंखा. स्वयंपाकघरातून जे ऐकू येतं ते इथे लिहीत नाही. पण त्यामागे कारण आहे. आपलं शरीर हे काही फार काटकसरी इंजिन नव्हे. पेडलपर्यंत जेवढी ताकद पोचते, तिच्या तिप्पट-चौपट उष्णता होऊन बाहेर पडते. रस्त्यावर समोरचा वारा ती वाहून नेतो, हॉलमध्ये ती आपल्याभोवतीच घुटमळत राहते. खाली फरशीवर थेंब पडतात आणि आपण मात्र शोकेससमोरून तसूभरही हललेलो नसतो.

घाम, गुडघे यांचं काही नाही, ते चालायचंच. खरी अडचण मला उशिरा कळली. माहुलीच्या पुढे गेल्यावर कंटाळा आला, तर काय करणार? घरी यायला तेवढंच अंतर मारावं लागतं. रस्ता तुमच्या मनाला विचारत नाही. मशीनवर कुठल्याही क्षणी उतरलं तरी आपण घरीच असतो. दोन पावलांवर सोफा, चार पावलांवर चहा. अशा ठिकाणी चिकाटी कुठून आणायची?

उपाय करून पाहिले. समोर टीव्ही लावला, तर मालिकेतल्या सासूबाईंनी एक पेला उचलून ठेवेपर्यंत माझे पाय आपोआप थांबलेले. गाणी लावली. गाणं संथ लागलं की सायकल संथ, आणि माझ्याकडची गाणी सगळी माझ्या वयाची. मुलीने मोबाइलवर एक व्हिडिओ लावून दिला. परदेशातला डोंगर, कडेला बर्फ, गुळगुळीत रस्ता, आपण सायकलवरून जातोय असं दिसायचं. तीन दिवस मजा वाटली. चौथ्या दिवशी लक्षात आलं की या रस्त्यावर ओळखीचं कोणी भेटण्याची शक्यताच नाही. टपरी नाही, मैलाचा दगड वाचता येत नाही, "कुठं निघालाय?" म्हणणारं कोणी नाही. ओढणी पुन्हा हँडलवर आली.

मग मास्तर मधे पडले.

आमच्या खिडकीला लागून एक बोळ आहे, एक माणूस तिरका होऊन जाईल एवढा. पलीकडे मास्तरांची मोरी. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, एसटीतले. आमच्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणतात, आणि हे निवृत्त होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली तरी मास्तरच. घरात गीझर आहे, पण थंडीत ते बोळात तांब्याचा बंब पेटवतात. नारळाच्या शेंड्या, चिपाडं, जुने खोके, हाताला लागेल ते त्यात जातं. सहा वाजता त्या धुराचा वास माझ्या हॉलमध्ये येतो. मास्तर मफलर गुंडाळून, बंबाशी हात शेकत बसलेले असतात आणि त्यांच्या बरोबर समोर, गजांच्या आड, मी घाम गाळत असतो. दोन-तीन दिवस त्यांनी गुमान पाहिलं. मग एके दिवशी म्हणाले, "काय पाव्हणं, कुठवर?"

मला उत्तर सुचेना. मीटरवर साडेचार किलोमीटर होते. तसं सांगितलं.

"किलोमीटर नका सांगू. ते मशीनचं झालं. गाव सांगा."

"गाव कुठलं सांगू? हॉलमध्येच आहे की."

"स्वारगेट धरा," मास्तर म्हणाले. "आठवड्याला जाता ना पुण्याला? रस्ता ओळखीचा हाय. साताऱ्यातनं सुटलाय, आता वाढ्याच्या पुढं आला असाल." आणि बंबावर पळीने दोनदा वाजवलं. टण् टण्. एक बेल म्हणजे थांबा, डबल बेल म्हणजे सोडा गाडी. एसटीत आयुष्य काढलेल्या माणसाने तशी बेल दिल्यावर पाय थांबवायची माझी काय बिशाद होती. त्या दिवशी आणखी दीड किलोमीटर झाले.

तेव्हापासून मी पुण्याला निघालोय. बहुतेक दिवशी चार-पाच किलोमीटर, वीस-बावीस मिनिटं. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर बायको दुधाचा हिशेब मांडते, त्याच चौकटीत मी मुक्काम लिहितो. "दूध नाही. लिंब फाटा." "अर्धा लिटर जास्त. आनेवाडी." आनेवाडीला मी मास्तरांना विचारलं, टोलचं काय करायचं? ते म्हणाले, सायकलला टोल नसतो, पण बसलेल्या ठिकाणी सुटे तयार ठेवावेत.

लिंब फाट्याला मी एक दिवस मुद्दाम जास्त थांबलो, म्हणजे मनाने. आत लिंबला बारा मोटांची विहीर आहे, 1719 ते 1724 या काळात बांधलेली. विहिरीच्या पोटातच महाल आहे, त्यामुळे लोक महालाचे फोटो काढतात. माझ्या डोक्यात त्या दिवशी बैल होते. मोटेचे बैल धावेवरून उताराला जाणार, मोट वर येणार, पाणी थारोळ्यात पडणार, की बैल पाठीमागे सरकत पुन्हा विहिरीशी. दिवसभर तेवढीच धाव. पण त्यांना मोटकरी गाणी म्हणायचा, शेपटीला हात लावायचा, दोरावर बसून उतरायचा. बैल एकटे नव्हते. हा विचार करता करता मीटरवर सात मिनिटं उलटून गेली, हे त्या दिवशीचं उत्पन्न.

मधे मी थोडी लबाडी केली, तीही सांगून टाकतो. आमच्या मशीनवर एक ते आठ आकड्यांचा नॉब आहे. तो पुढे नेला की आतली चुंबकं त्या लोखंडी चक्राच्या जवळ सरकतात. चक्राला शिवत नाहीत, पण फिरत्या लोखंडात वीज घुमायला लागते आणि तीच चक्राला मागे ओढते. न शिवता अडवणारी माणसं ऑफिसात पाहिली होती, यंत्र पहिल्यांदा पाहिलं. मीटरचा मात्र या ओढाताणीशी संबंधच नाही. पेडल एकदा फिरलं की त्याला एक ठोका मिळतो, तो ठरलेल्या आकड्याने गुणतो आणि किलोमीटर दाखवून मोकळा होतो. म्हणजे नॉब एकवर ठेवून नुसते पाय फिरवले तरी गाव येतं. पाचवड ते भुईंज मी असाच गेलो. सहा मिनिटं लवकर पोचलो म्हणून सांगितलं, तर मास्तरांनी बंबातून मान वर केली.

"घामबिम काय दिसंना आज."

"थंडी आहे मास्तर."

"हां. बिनतिकिटाचा पण असाच खिडकीतनं बाहेर बघत बसतो."

दुसऱ्या दिवशी नॉब चारवर ठेवून भुईंज पुन्हा गाठलं. दिनदर्शिकेवर आधीचं भुईंज खोडलेलं आहे. दुधाचा हिशेब चुकला की काय म्हणून बायकोने विचारलंही.

घरात बसून सायकल मारणारा मी काही पहिला नव्हे, असं मी मास्तरांना एकदा सुनावलं. 1796 साली लंडनमध्ये फ्रान्सिस लाउंड्स नावाच्या गृहस्थाने जागच्या जागी हातपाय हलवायच्या यंत्राचं पेटंट घेतलं होतं. 1912 साली बुडालेल्या टायटॅनिकवरच्या व्यायामशाळेतही अशा सायकली होत्या. आणि आज अंतराळ स्थानकात जी सायकल आहे तिला सीटच नाही, कारण वजनच नसल्यावर बसणार कशाला? स्नायू आणि हाडं झिजू नयेत म्हणून तिथली माणसं रोज दोनेक तास व्यायाम करतात, आणि स्थानक नव्वदेक मिनिटांत पृथ्वीला एक चक्कर मारतं.

"म्हंजे दोन तासांत अख्खी पृथ्वी झाली?" मास्तरांनी विचारलं.

"झाली की. वर थोडी उरली."

"आन् तुमचं अजून सुरूर नाही आलं."

सुरूर आलं. वाईला वळणारा फाटा सोडला, वेळे गेलं. सोळा दिवस झाले होते, त्यातले सहा बुडाले होते. एक सकाळ लग्नाची, दोन सर्दीच्या, तीन निव्वळ आळसाच्या. त्या दिवशी मी मोठ्या दिमाखात नॉब सहावर नेला आणि खिडकीतून ओरडलो, "मास्तर, आज खंबाटकी चढणार!"

मास्तर हसायला लागले. "सातारहून जाताना घाट कुठला? बोगदा हाय. घाट पुण्याहून येताना. आमच्या टायमाला दोन्हीकडून घाटच हुता, मधेच एखादा ट्रक गरम होऊन उभा राहिला की दोन-दोन तास. म्हाताऱ्या बायका खाली उतरून शेंगा खायच्या. आता आत शिरला की भायेर."

मी नॉब चारवर आणला आणि बोगद्यात शिरलो. मीटर बेचाळीसच्या आसपास होतं. दिनदर्शिकेवर लिहिलं, "बोगदा (आत)."

आणि मास्तर गेले. म्हणजे पुण्याला, मुलाकडे, डोळ्याच्या ऑपरेशनला. मोतीबिंदू पिकला होता, किती दिवस टाळणार. सकाळच्या एसटीत बसले आणि अडीच-तीन तासांत स्वारगेटला उतरले. जे अंतर मी महिन्याभरात तोडणार होतो ते त्यांनी एका डुलकीत तोडलं, याचा थोडा राग आला हे खरं.

पहिल्या दिवशी मी बसलो. बोळातून धूर नाही. बंब उपडा घालून ठेवलेला. आठव्या मिनिटाला उतरलो. दुसऱ्या दिवशी पाच. तिसऱ्या दिवशी गजर बंद करून झोपलो आणि त्या दुपारी हँडलवर टॉवेल आला. मी काही बोललो नाही. मग दुसरा टॉवेल, मग ओढणी. घरातली माणसं अशा गोष्टींची परवानगी मागत नाहीत, त्यांना अंदाज असतो. भोगीच्या भाकरीला तीळ निवडून झाले, तरी आमची गाडी बोगद्यातच. दिनदर्शिकेचं पान उलटायची वेळ आली तेव्हा मी पाहिलं, दुधाचा हिशेब रोजचा आहे, गाव एकही नाही.

परवा सकाळी सहाला फोन वाजला. मास्तर. आवाज मोठा, फोनवर बोलताना पुण्याहून साताऱ्याला आपल्या ताकदीने पोचवायचा असतो असा.

"पट्टी निघाली. एका डोळ्यानं लख्ख दिसतंय. तुमचं कुठवर?"

मी पांघरुणातच होतो. खोटं बोलायचा विचार केला. शिरवळ म्हणावं, नीरेचा पूल म्हणावं. पण बिनतिकिटाचं आठवलं.

"बोगद्यातच आहे."

पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, "बोगद्यात गाडी उभी करत नसत्यात, पाव्हणं. मागनं ट्रक येतात." आणि भांड्यावर चमचा आपटल्याचा आवाज आला, दोनदा.

मी फोन स्पीकरवर टाकून खिडकीत ठेवला, हँडलवरचे टॉवेल, ओढणी, बनियन एका हाताने गोळा करून सोफ्यावर फेकले आणि सीटवर चढलो. सीट नेहमीसारखीच गार.

"अहो, ते ओले आहेत!" आतून आवाज आला.