तुम्ही विचारलंत म्हणून: गाणी घरातच का रेकॉर्ड करते?

मी रेकॉर्ड केलेली काकीची गाणी ऐकून झाली की लोक हमखास विचारतात, "आवाज गोड आहे, पण मागे कोंबडा आरवतोय, कुणी भांडी घासतंय. एखाद्या चांगल्या स्टुडिओत का नाही करत?"

एकदा केलं होतं. काकीला घेऊन गेले. समोर माईक, कानांवर हेडफोन, माणसं काचेपलीकडे. दोन ओळी म्हणून काकी गप्प झाली. ओवी कुणाला तरी सांगायची असते आणि तिथे तिला कुणी दिसत नव्हतं. घरी आल्यावर तांदूळ निवडता निवडता तीच ओवी तिने न थांबता अकरा कडव्यांपर्यंत म्हटली. मग मी माईकच माजघरात आणला.

आमच्या मातीच्या भिंती आवाज फार घुमू देत नाहीत. दाराला दोन गोधड्या टांगते, पंखा आणि फ्रिज बंद करते. माईक पाटांच्या उतरंडीवर, काकीच्या तोंडापासून वीतभर लांब आणि जरा तिरका. प-फ-भ म्हणताना हवेचा फटका बसतो, म्हणून बांबूच्या कामटीचं कडं करून त्यावर जुनी मच्छरदाणी ताणून बसवली आहे. मृदंगवाले दादा पडवीत बसतात, नाहीतर त्यांच्या थापेखाली काकी ऐकूच येत नाही. पुढची कापाकापी कॉम्प्युटरवर, ऑडॅसिटी नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये. ते फुकट मिळतं. कोंबडा मी कापत नाही.

तुम्ही विचारता ती गाणी बहुतेक बारसूच्या सड्याची, म्हणजे तिथल्या कातळाच्या पठाराची. आमचा रत्नागिरी जिल्ह्यातला राजापूर तालुका. तीन सरकारी तेल कंपन्यांची वर्षाला ६ कोटी टनांची रिफायनरी आधी नाणारला यायची होती. लोकांनी ती अडवली आणि मार्च २०१९ मध्ये तिथलं भूसंपादन रद्द झालं. २०२२ मध्ये बारसू-सोलगावचं नाव पुढे आलं. एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणाच्या गाड्या निघाल्या तेव्हा भर उन्हात बायका रस्त्यावर आडव्या झाल्या. २८ तारखेला सड्यावर अश्रुधूर सोडला गेला.

सडा म्हणजे ओसाड कातळ, असं लांबच्या माणसाला वाटतं, आणि माझा सगळा जीव तुटतो तो या 'ओसाड' शब्दासाठी. पावसाचं पाणी त्या जांभ्या दगडातून झिरपतं आणि खालच्या वाड्यांच्या विहिरींना येतं. श्रावण-भाद्रपदात त्याच कातळावर सीतेची आसवं फुलतात, जांभळी, नखाएवढी. गुरं तिथेच चरतात. आणि जुन्या माणसांनी कातळात कोरलेली चित्रं तिथे आहेत. कोकणातली ही कातळशिल्पं, बारसूची धरून, २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. ही सगळी माहिती मी सांगायला लागले की ऐकणारा चुळबुळतो. काकी दोन ओळींत सांगते:

सडा म्हणू नको ओसाड, त्याच्या पोटात गं झरा
माझ्या अंगणी विहीर, तिला वैशाखी आसरा

गावात सगळे एका बाजूला आहेत असं मी म्हणणार नाही. माझाच चुलतभाऊ नालासोपाऱ्याला खोलीत चौघांबरोबर राहतो. त्याला इथे नोकरी हवी आहे आणि त्याचं हे म्हणणं खोटं नाही. गणपतीत तो आला तेव्हा मी त्याला जाखडीचं गाणं बांधायला सांगितलं. जाखडी म्हणजे आमच्याकडचा गाण्यासह नाच; त्यात शक्तीवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष सवाल-जवाब करतातच. त्याने विचारलं, पोरं गावात राहायची तर पोटाला काय देशील? काकीच्या नातीने उत्तर बांधलं. तेही आम्ही याच माजघरात घेतलं, पायातल्या चाळांच्या आवाजासकट, आणि त्याचा सवाल एका शब्दानेही कमी केला नाही. उत्तरापेक्षा त्याचा सवाल सरस झाला आहे, असं माझं मत.

गाणं सुरू करण्याआधी मी मिनिटभर नुसती शांतता रेकॉर्ड करते. मागची घरघर काढायला तो नमुना लागतो. गेल्या मे महिन्यात माईकला जुना लोकरीचा मोजा घालून सड्यावर गेले आणि तिथलंही एक मिनिट घेतलं. वारा आहे, एक टिटवी आहे, लांबून गुरांच्या गळ्यातली घंटा. या फायलीतून मी काहीच काढलेलं नाही. तारीख लिहून दोन ठिकाणी ठेवली आहे. काकीने हेडफोन लावून ती ऐकली आणि म्हणाली, "हां, ह्यात गाता येईल."

पुढच्या गाण्याखाली तीच फाईल लावणार आहे.