हवेतलं एक चाक

भाचीने ट्रॅकवर काढलेला माझ्या गाडीचा फोटो पाठवला. वळणातून बाहेर पडताना आतल्या बाजूचं पुढचं चाक जमिनीपासून दोन बोटं वर. खाली तिचा प्रश्न: "मावशी, तूच म्हणाली होतीस ना, कितीही रेस दिली तरी पुढची चाकं उचलत नाहीत म्हणून? मग हे काय?"

फोटो खरा आहे आणि मी म्हटलं होतं तेही खरं आहे. तिला फोनवर थोडक्यात सांगितलं, पण मन भरलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

माझी गाडी सेव्हन धाटणीची. लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी 1957 साली लोटस सेव्हन ही उघडी, हलकी स्पोर्ट्स कार आणली. 1973 पासून केटरहॅम ही ब्रिटिश कंपनी तिची निर्मिती करते आणि त्याच आराखड्यावर बेतलेल्या गाड्या लोक सुटे भाग जोडून घरी बांधतात. मीही तशीच बांधली. वजन 540 किलो, मी बसले की 600. एवढी हलकी गाडी पाहिली की बघणारा हमखास विचारतो, जोरात रेस दिली तर पुढून उचलते का? चालवताना तसा भासही होतो, हे मान्य करायला हवं. या गाडीत पुढची चाकं उघडी, सीटवरून थेट दिसणारी. क्लच सोडून पाय दाबला की नाक वर येतं, हेडलाइट वर जातो आणि चाक त्याच्यापासून खाली खाली जाताना दिसतं. स्टिअरिंग हलकं पडतं. पहिल्या वेळी मलाही वाटलं होतं की चाक सुटलं. पण वर गेलेली असते ती बॉडी, तीही दोनेक सेंटिमीटर. टायर रस्त्यावरच असतो.

किती दाबून असतो, हे मला मोजून बघायचं होतं. चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवले, सीटवर माझ्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या. पुढे 282 किलो, मागे 318. मग चारही शॉकअ‍ॅब्झॉर्बर काढून त्यांच्या जागी पोलादी पट्ट्या बसवल्या, म्हणजे स्प्रिंग दबून आकडे बिघडणार नाहीत, आणि मागची चाकं काट्यांसकट 50 सेंटिमीटर उचलली. पुढचे काटे एकूण फक्त 10 किलोंनी वाढले. या 10 किलोंतून गुरुत्वमध्याची, म्हणजे सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरता येतं त्या बिंदूची, उंची निघते: 44 सेंटिमीटर. एवढ्यासाठी दोन दिवस गेले, पण गाडीबद्दल इतकं मोलाचं मला दुसऱ्या कुठल्याच मापाने सांगितलेलं नाही.

आता गणित. गाडी वेग घेते तेव्हा टायर तिला जमिनीच्या पातळीवर ढकलतो, पण वस्तुमान असतं वर, 44 सेंटिमीटरवर. या उंचीमुळे गाडी मागच्या चाकांभोवती उलटू पाहते. तिला खाली धरून ठेवतं ते तिचंच वजन, आणि त्या वजनाचा हात म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलपासून गुरुत्वमध्यापर्यंतचं आडवं अंतर. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमधलं अंतर, 2.22 मीटर, पुढे 47 टक्के वजन, म्हणजे गुरुत्वमध्यापर्यंतचं अंतर 1.043 मीटर. 1.043 भागिले 0.44 म्हणजे 2.37. पुढची चाकं उचलायला मला 2.37 जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या 2.37 पट, त्वरण लागेल.

यात वजन कुठेच आलं नाही. उलटवणाऱ्या जोरातही तेच वस्तुमान आणि धरून ठेवणाऱ्यातही तेच, त्यामुळे ते दोन्हीकडून कटतं. राहते ती फक्त आकृती: किती उंच आणि मागच्या चाकापासून किती पुढे. हलकी गाडी पटकन उचलेल ही समजूत इथेच पडते. उलट हलक्या स्पोर्ट्स कार बहुतेक बुटक्या असतात, म्हणजे उचलायला अधिकच कठीण.

इंजिन कमी पडतं असंही नाही. पहिल्या गिअरमध्ये माझं इंजिन मागच्या चाकांना सुमारे 1.2 जीपुरता जोर देऊ शकतं. पण साध्या रस्त्याच्या चांगल्या टायरची पकड त्याच्यावरच्या वजनाच्या 1.1 पटीच्या आसपास, आणि सगळं वजन काही मागच्या चाकांवर नसतं. त्यामुळे 0.75 जीला टायर फिरू लागतात. गाडीचं त्वरण नोंदवणाऱ्या माझ्या लॉगरमध्येही साधारण तेवढंच दिसतं. त्या क्षणी 89 किलो मागे सरकलेले असतात आणि पुढे 193 किलो शिल्लक. टायर हरतो, गाडी उलटत नाही.

मोटरसायकलचं गणित वेगळं का, हे आता लगेच कळेल. चालकासकट गुरुत्वमध्य साधारण 65 सेंटिमीटरवर, मागच्या चाकापासून अंतर जेमतेम 70. म्हणजे 1.1 जीच्या आत-बाहेर पुढचं चाक सुटतं आणि तेवढी पकड टायर देतो. इंजिन मागे असलेल्या गाड्या यांच्या मधे कुठेतरी येतात. लोटस एलिसचा व्हीलबेस 2.3 मीटर आणि पुढे साधारण 38 टक्के वजन. गुरुत्वमध्य 46 सेंटिमीटरवर धरला तर 1.9 जी. माझ्यापेक्षा जवळ, तरी रस्त्याच्या टायरच्या आवाक्याबाहेरच.

मग ड्रॅग रेसिंगमध्ये, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या छोट्या शर्यतीत, गाड्या पुढून कशा उचलतात? तिथे टायरच निराळा. रबर अतिशय मऊ, हवा कमी, बाजूची भिंत सुरकुतते, निघण्याआधी चाकं फिरवून रबर तापवतात आणि ट्रॅकवरही चिकट थर असतो. तिथे पकड वजनाच्या कितीतरी पट होते. 1965 सालच्या हेमी अंडर ग्लास या प्लिमथ बॅराकुडात तर इंजिनच मागच्या काचेखाली बसवलं होतं. एवढं वजन मागे नेल्यावर ती पुढची चाकं हवेत धरून पळायची आणि त्याच करामतीसाठी प्रसिद्ध झाली.

मला सगळ्यात आवडणारं उदाहरण मात्र 2018 च्या डॉज चॅलेंजर एसआरटी डीमनचं. रस्त्यावर चालणारी, जवळजवळ 1,940 किलोंची, म्हणजे माझ्या साडेतीन गाड्यांएवढी! तिने उभ्या जागेवरून निघताना पुढची चाकं हवेत ठेवून 2.92 फूट अंतर कापलं आणि गिनीजने त्याची नोंद केली. कंपनी 1.8 जी सांगते. वर केलेलं गणित तिला लावलं तर एवढ्याने भागत नाही, कारण तिचं निम्म्याहून जास्त वजन पुढे आहे. मदत होते ती सस्पेन्शनची. ड्रॅग मोडमध्ये पुढचे शॉकअ‍ॅब्झॉर्बर ताणले जाताना मऊ असतात, त्यामुळे नाक झपाट्याने वर येतं. स्प्रिंग पूर्ण उघडल्यावरही बॉडी वर जातच असते आणि त्या झोकात चाकांनाही वर ओढते. म्हणून ती उडी क्षणापुरती. उंच धरून लांब जाण्याची गोष्ट वेगळी, तिला सरळ सरळ पकडच लागते.

आता भाचीच्या फोटोकडे. ते चाक वेग घेतल्यामुळे उचललेलंच नाही, किंवा फार थोडं. वळणात आडवं त्वरण 0.9 जी होतं, आणि बाहेर पडताना मी हळूहळू पाय दाबत होते, म्हणून पुढच्या दिशेने 0.35 जी. स्थिर असताना त्या चाकावर 141 किलो. वेग घेताना त्यातले 21 मागे गेले. वळणामुळे आतून बाहेर एकूण 183 किलो सरकतात, त्यातला दोन तृतीयांश भाग माझा पुढचा जाड अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचं कलणं रोखणारा दांडा) पुढच्याच चाकांवर घेतो, म्हणजे 122. उरलं काय? शून्यही नाही. म्हणून चाक हवेत. हा बार मी मुद्दाम तसा ठेवलाय, कारण त्यामुळे मागची दोन्ही चाकं जमिनीला नीट टेकून राहतात आणि वळणातून जोर लावता येतो. शर्यतपटू जिम क्लार्क 1964 साली लोटस कॉर्टिना घेऊन ब्रिटिश सलून कार स्पर्धेचे विजेते झाले, त्या गाडीचं आतलं पुढचं चाकही वळणात असंच हवेत असायचं. ते फोटो मी किती वेळा पाहिलेत, याला गणतीच नाही.

हे सगळं ऐकून भाची म्हणाली, "म्हणजे इंजिन तेच, टायर तेच, फक्त बार मऊ केला तर चाक खाली राहील?"

राहायला हवं. पुढच्या खेपेला बारला चाकाशी जोडणारी लिंक एक भोक मागे घेऊन बार मऊ करणार आहे. आतलं मागचं चाक बहुधा फिरायला लागेल, ते लॉगरमध्ये कळेल. ती त्याच वळणावर, त्याच जागी कॅमेरा घेऊन उभी राहणार आहे.